नऊ अंकी नंबर समोर आला की सुरुवात कुठून करायची

मोठा नंबर दिसला की बरेच जण एकतर लगेच कॅल्क्युलेटर उघडतात नाहीतर "हे आपलं काम नाही" म्हणून सोडून देतात. मला दोन्ही वेळा वाईट वाटतं, कारण नऊ अंकी नंबर कागद-पेन्सिल घेऊन तासाभरात पूर्ण उलगडता येतो, म्हणजे त्याचे अवयव आणि त्यावरून बाकीचे गुणधर्म काढता येतात, आणि त्यासाठी शाळेत शिकलेल्या गुणाकार भागाकारापलीकडे फारसं काही लागत नाही. लागतो तो क्रम. कोणता प्रश्न आधी विचारायचा आणि कोणता नंतर, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

आपण एकच नंबर घेऊ आणि शेवटपर्यंत तोच धरून ठेवू : १२३४५६७८९. सगळ्यांच्या डोळ्यासमोर पटकन येतो, चुकून वेगळा लिहिला जात नाही, आणि दिसायला साधा असला तरी आतून भारी आहे.

पहिलं काम म्हणजे नंबर वाचा. खरंच वाचा, तोंडाने. बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. किती अंक आहेत, साधारण केवढा आहे हे डोक्यात बसलं पाहिजे, म्हणजे पुढे कुठे एखादं शून्य जास्त पडलं तर लगेच खटकतं. मग वर्गमूळाचा अंदाज घ्या. हा मला फार आवडतो, कारण ११११११ नाही, १११११ (पाच एकं) चा वर्ग येतो १२३४५४३२१, म्हणजे आपल्या नंबरपेक्षा फक्त २४६८ ने कमी. पुढचा वर्ग, ११११२ चा, १२३४७६५४४ म्हणजे आपल्या पुढे गेला. तर आपला नंबर पूर्ण वर्ग नाही आणि वर्गमूळ १११११ च्या जरासं वर आहे. हे वर्गमूळ लिहून ठेवा, लागणार आहे, कारण कुठल्याही संयुक्त संख्येचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमूळाइतका किंवा त्याहून लहान असतोच, त्यामुळे शोध तिथपर्यंतच घ्यायचा असतो.

वर्ग नाही हे त्याहून स्वस्तात पण कळतं. विषम संख्येच्या वर्गाला ८ ने भागलं की बाकी नेहमी १ राहते. ८ साठी शेवटचे तीनच अंक बघायचे (१००० ला ८ ने भाग जातो म्हणून), ७८९ मधून ७८४ गेले, बाकी ५. संपलं.

आता विभाज्यतेच्या कसोट्या. शेवटचा अंक ९, म्हणजे २ आणि ५ दोन्ही बाद. मग ३ आणि ९. अंकांची बेरीज १+२+३+...+९ = ४५, आणि ४५ ला ९ ने भाग जातो, म्हणजे आख्ख्या नंबरला जातो. ही ट्रिक सगळ्यांना पाठ असते पण का चालते ते विचारलं की गप्प होतात, म्हणून एकदा बघूनच घ्या : १० म्हणजे ९+१, १०० म्हणजे ९९+१, १००० म्हणजे ९९९+१, तर प्रत्येक अंकाच्या मागची ती नऊ-नव्व्याण्णववाली रास आपोआप ९ ने भागली जाते आणि मागे उरतो तो अंक स्वतः, एकदाच. म्हणून बाकी बघायची तर नुसत्या अंकांची बेरीज पुरते. यातून एक सुंदर गोष्ट निघते. १ ते ९ हे अंक तुम्ही कुठल्याही क्रमाने लावा, बेरीज ४५ च राहणार, म्हणजे त्या अंकांपासून होणाऱ्या ३६२८८० संख्यांपैकी एकही मूळ संख्या नाही. एकही नाही! आणि शेवटी एक १ जोडून १२३४५६७८९१ केलं की मात्र ती मूळ संख्या होते.

मग ७, ११ आणि १३. या तिघांना एकत्र पकडायचं, कारण ७ × ११ × १३ = १००१. इथे आपले लाख-कोटीचे स्वल्पविराम बाजूला ठेवा आणि उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा : १२३ | ४५६ | ७८९. आता उजवीकडून एक गट अधिक, पुढचा वजा, पुढचा अधिक (१००० हे १००१ पेक्षा एकने कमी, म्हणून दर गटाला चिन्ह उलटतं). ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. म्हणजे बारा कोटीच्या नंबरची ७, ११ आणि १३ ची चौकशी आता या छोट्या ४५६ वर होते. ४५५ हा ७ × ६५ आणि १३ × ३५ पण आहे, म्हणून ७ ने बाकी १ आणि १३ ने पण बाकी १. ११ ने भागलं तर ४५१ जातात, बाकी ५. तिघंही बाद. ११ ची ती ५ बाकी कोपऱ्यात लिहून ठेवा, आत्ताच उपयोग आहे.

९ ने भाग जातो ना, मग भागून टाका. १२३४५६७८९ ÷ ९ = १३७१७४२१. याची अंकांची बेरीज २६, म्हणजे आता ३ सुद्धा शिल्लक नाही, ३ दोनदाच होता. पुढे हात घालायच्या आधी हा भागाकार तपासा, हे मी कळकळीने सांगतोय. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा उतरवताना दोन अंकांची अदलाबदल होऊन १३७१४७२१ असं लिहिलं गेलं आणि त्याच चुकीच्या नंबरचे अवयव शोधत पूर्ण संध्याकाळ गेली. नऊची कसोटी इथे मदतीला येत नाही, कारण अंकांची जागा बदलली तरी बेरीज तीच राहते, आणि शिवाय ९ ने गुणलेलं काहीही ९ ने भागलं जाणारच. इथे ११ लागतो. उजवीकडून एक अंक अधिक एक वजा असं करा : १३७१७४२१ साठी १−२+४−७+१−७+३−१ = −८, म्हणजे ११ ने बाकी ३. आता ९ × ३ = २७, त्याची ११ ने बाकी ५, आणि आपल्या १२३४५६७८९ ची पण बाकी ५ च होती. जुळलं. तेच चुकीच्या १३७१४७२१ ला लावलं तर बाकी ९ येते, ९ × ९ = ८१, बाकी ४, आणि चूक तिथल्या तिथे दिसते. शेजारशेजारचे दोन वेगळे अंक उलटे झाले तर ११ ची कसोटी ते दरवेळी पकडते. दहा सेकंदाचं काम आहे, करा.

आता खरा मजेशीर भाग. हातात आहे १३७१७४२१ आणि त्याचे अवयव हवेत. सरळ रस्ता म्हणजे १७, १९, २३, २९... असं प्रत्येक मूळ संख्येने भागून बघणं. रस्ता बरोबर आहे, उत्तर येतंच, पण या नंबरच्या बाबतीत जवळजवळ पाचशे मूळ संख्यांनी भागून झाल्यावर येतं (पुढे कळेल का). हाताने करायचं तर दोन-तीन दिवस. म्हणून नवीन माणसाला मी नेहमी सांगतो की थोडे लहान अवयव तपासून झाले की फर्माची (सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती) पद्धत पाच-दहा पायऱ्या तरी करून बघायची, लागली तर लागली.

कल्पना अशी. कुठल्याही विषम संख्येचे दोन अवयव घ्या, दोघांच्या बरोबर मध्ये एक पूर्ण संख्या असते, तिला म समजा, आणि दोघं तिच्यापासून सारख्याच अंतरावर, ते अंतर द. मग एक अवयव म−द, दुसरा म+द, आणि गुणाकार म² − द². म्हणजे आपल्याला असा म शोधायचाय की म² मधून आपला नंबर वजा केला की पूर्ण वर्ग उरला पाहिजे. म कुठून सुरू करायचा? वर्गमूळाच्या लगेच वरून.

१३७१७४२१ चं वर्गमूळ ३७०३ आणि ३७०४ च्या मध्ये आहे. तर म = ३७०४ घ्या. ३७०४² = १३७१९६१६, वजा करून उरले २१९५. हा पूर्ण वर्ग आहे का? वर्गमूळ काढत बसू नका, शेवटचे दोन अंक बघा. ५ ने संपणारा वर्ग नेहमी २५ नेच संपतो, हा ९५ ने संपतोय, म्हणून नाही. पुढे म = ३७०५. नवा वर्ग परत काढायची गरज नाही, ३७०४ वरून ३७०५ वर जाताना वर्ग २ × ३७०४ + १ म्हणजे ७४०९ ने वाढतो, म्हणून २१९५ मध्ये ७४०९ मिळवा : ९६०४. आता थांबा आणि बघा. १०० चा वर्ग १००००, त्याच्या जरा खाली, ४ ने संपणारा... ९८ × ९८ = ९६०४. सापडला!

म = ३७०५, द = ९८. म्हणजे अवयव ३६०७ आणि ३८०३. फक्त दुसऱ्या पायरीवर. मला हे पहिल्यांदा मिळालं तेव्हा मी कागदावर तीनदा गुणाकार करून बघितला कारण विश्वासच बसेना.

फर्माने स्वतः १६४३ मध्ये याच पद्धतीने २०२७६५१२८१ चे अवयव काढले होते, ४४०२१ आणि ४६०६१. त्याचं वर्गमूळ ४५०२९ च्या थोडं वर, म्हणून सुरुवात ४५०३० पासून, आणि ४५०४१ ला, म्हणजे बाराव्या पायरीवर, १०४०४०० उरतात जो १०२० चा वर्ग आहे. तुम्ही पण करून बघा, सरावाला याच्यापेक्षा चांगला नंबर नाही. फक्त एक लक्षात घ्या, ही पद्धत दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच पटकन लागते. एक अवयव ३ आणि दुसरा काही कोटी असला तर ती साध्या भागाकारापेक्षा खूपच हळू चालते. म्हणूनच आधी लहान अवयव काढून टाकायचे आणि मग ही वापरायची. १९७७ पासून चालत आलेल्या आरएसए कूटपद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार उघड ठेवतात आणि त्या दोन मूळ संख्या लपवतात, तिथेही हाच धडा आहे : दोन्ही संख्या फार जवळ निवडल्या तर गुणाकार शेकडो अंकी असला तरी साडेतीनशे वर्षांहून जुन्या या ट्रिकने तो फुटतो.

आता ३६०७ आणि ३८०३ अजून फुटतात का ते बघायचं. ६०² = ३६०० आणि ६१² = ३७२१, म्हणून ३६०७ साठी ५९ पर्यंतच्या मूळ संख्या पुरे, आणि ३८०३ साठी ६१ पर्यंतच्या. दोन्ही मिळून पस्तीसेक भागाकार, आणि त्यातले २, ३, ५ वाले तर बघताक्षणी सुटतात. कुठेच भाग जात नाही. दोन्ही मूळ संख्या. तर

१२३४५६७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३

आणि सरळ भागाकार करत बसलो असतो तर ३६०७ येईपर्यंत थांबावं लागलं असतं, ते पाचशे भागाकार यामुळेच.

ही ओळ मिळाली की बाकीचे बहुतेक गुणधर्म नुसत्या छोट्या गुणाकारांनी मिळतात. विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवून गुणाकार : (२+१)(१+१)(१+१) = १२. कारण विभाजक बनवताना ३ शून्यदा, एकदा किंवा दोनदा घ्यायचा, ३६०७ घ्यायचा किंवा नाही, ३८०३ घ्यायचा किंवा नाही, एवढाच चॉइस आहे. सगळे लिहूनच काढा : १, ३, ९, ३६०७, ३८०३, १०८२१, ११४०९, ३२४६३, ३४२२७, १३७१७४२१, ४११५२२६३ आणि शेवटी नंबर स्वतः. पहिला आणि शेवटचा, दुसरा आणि शेवटून दुसरा अशा जोड्या लावून गुणा, दरवेळी तोच नंबर आला पाहिजे.

या विभाजकांची बेरीज (१+३+९) × (१+३६०७) × (१+३८०३) = १३ × ३६०८ × ३८०४ = १७८४२२८१६. त्यातून नंबर स्वतः वजा केला की ५४९६६०२७ उरतात, जे नंबरपेक्षा कमी आहेत, म्हणून ही न्यून संख्या. बेरीज बरोबर नंबराइतकी आली असती तर तिला परिपूर्ण संख्या म्हटलं असतं, जसं ६ = १+२+३. पण नऊ अंकी परिपूर्ण संख्या नाहीच, आठ अंकी ३३५५०३३६ नंतर एकदम दहा अंकी ८५८९८६९०५६ येते.

१ पासून या नंबरपर्यंत किती संख्या याच्याशी सहमूळ आहेत, म्हणजे ज्यांचा याच्याशी मसावि १ आहे, तेही त्याच ओळीतून मिळतं : ६ × ३६०६ × ३८०२ = ८२२६००७२. ६ कुठून आला तर १ ते ९ मध्ये ३ ने भाग न जाणाऱ्या सहाच संख्या आहेत.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का, हा प्रश्न मला स्वतःला सगळ्यात आवडतो कारण इथे वरून बघून फसायला होतं. कुठल्याही वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १, म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ०, १ किंवा २, कधीच ३ नाही. आपल्या नंबरची बाकी? शेवटचे दोन अंक ८९, बाकी १. म्हणजे वरकरणी चालेल असं वाटतं. पण पूर्ण नियम असा की ४ ने भागून ३ बाकी देणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आला पाहिजे. ३ दोनदा आलाय, ठीक. ३६०७ ची बाकी ३ आणि तो एकदाच. ३८०३ ची पण बाकी ३ आणि तोही एकदाच. दोघांचा गुणाकार झाला की ३ × ३ = ९, बाकी १ होते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणजे अवयव काढल्याशिवाय खरं उत्तर मिळतच नाही. दोन वर्गांची बेरीज नाहीच होत. तीन वर्गांची मात्र होते, कारण त्यात फक्त ८ ने बाकी ७ येणाऱ्या संख्या आणि त्यांच्या ४, १६, ६४ अशा पटी अडकतात, आणि आपली ८ ची बाकी ५ आहे.

मराठी गणिती द. रा. कापरेकर यांनी हर्षद संख्या हे नाव दिलं, हर्ष देणारी ती हर्षद. अंकांच्या बेरजेने नंबरला पूर्ण भाग गेला पाहिजे, बस्स. आपली बेरीज ४५, पण ४५ ने भाग जायला शेवटी ० किंवा ५ हवा, इथे ९ आहे. नाही. द्विमान पद्धतीत हा नंबर १११ ०१०१ १०११ ११०० ११०१ ०००१ ०१०१ असा, सत्तावीस जागा, त्यात सोळा एक.

कॉम्प्युटर वापरायचा असेल तर एक इशारा. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच आकडा नीट ठेवतं, त्याच्या पुढचे अंक न सांगता शून्य करतं, आणि तुम्ही त्या शून्यवाल्या नंबरचे अवयव काढत बसता. मोठ्या नंबरसाठी पायथॉन वापरा, त्यात पूर्ण संख्या कितीही लांब चालते, फक्त भागाकार करताना दशांशवाला नाही, पूर्णांकवाला वापरा.

आणि "मूळ नाही" हे कळणं आणि "अवयव हे आहेत" हे कळणं यात फार मोठं अंतर असतं, हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. २ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. ही मूळ संख्या नाही हे फ्रेंच गणिती ल्युकाने १८७६ मध्ये सिद्ध केलं, पण एकही अवयव हातात नव्हता. ते अवयव, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोलने १९०३ मध्ये मांडले. मध्ये सत्तावीस वर्षं गेली. म्हणून तुमचा नंबर एका दिवसात फुटला नाही तर तुम्ही काही चुकताय असं समजू नका.

सरावाला आता उलटा नंबर घ्या, ९८७६५४३२१. आधी तो आपल्या नंबरने भागून बघा : ८ × १२३४५६७८९ = ९८७६५४३१२, बाकी फक्त ९. आणि ९ ने आपल्या नंबरला भाग जातोच, म्हणून दोघांचा मसावि ९, युक्लिडची पद्धत (मोठ्याला लहानाने भागायचं, मग लहानाला बाकीने, असं भाग पूर्ण जाईपर्यंत) जवळजवळ एका ओळीत संपली. मग ९ काढून टाका, १०९७३९३६९ राहतील, त्याला १७ ने भागा, आणि जे येईल त्याला परत १७ ने. शेवटी ३७९७२१ उरेल. त्याचं वर्गमूळ ६१६ च्या थोडं वर आहे, तर ६१३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या आहेत, एकूण ११२, आणि एकही लागणार नाही, पण ते तुम्ही स्वतः भागून बघा.